गाडीचा रंग खरचटलाय, स्प्रेचा डबा आणून घरीच करू का?

दुसरा_गिअर | ८ सप्टेंबर, रात्री १०:१२

मंडळी, आधीच कबूल करतो, चूक माझी आहे. गौरी-गणपतीला गुहागरकडे गावी गेलो होतो. वाडीकडे उतरणाऱ्या रस्त्याला वळणावर समोरून एसटी आली, ड्रायव्हरसाहेब काही मागे घेणार नव्हते (आणि त्यांचंही बरोबर, मागे दोन सुमो लागलेल्या), म्हणून मी डावीकडे घेत घेत घेतली आणि जांभ्याच्या गडग्याने (लाल दगडाच्या कुंपणाने) गाडीची डावी बाजू किसून काढली. अक्षरशः खोबरं किसल्यासारखा आवाज. मागे आई बसली होती, शांतपणे म्हणाली, "काहीतरी लागलं वाटतं."

नुकसान असं: मागच्या डाव्या दारावर तीन लांब रेघा, दोन-दोन वीत असतील. त्यातल्या एकीत जुन्या रुपयाच्या नाण्याएवढा पत्रा उघडा पडलाय. मागच्या बंपरचा डावा कोपरा तळहाताएवढा पार सोलला जाऊन खालचं काळं प्लास्टिक दिसतंय. पोचा कुठेच नाही, फक्त रंग गेलाय. रेघांमध्ये लालसर काहीतरी दिसतंय, चार दिवसांत गंज धरला की काय?

गाडी साडेपाच वर्षांची हॅचबॅक, रंग सिल्व्हर. पुण्यात एका ठिकाणी विचारलं तर दोन पॅनलचे ९,००० अधिक जीएसटी, म्हणजे १०,६२०. यूट्यूबवर एक माणूस अर्ध्या तासात डब्याने फुस्स फुस्स करून आरशासारखं करून दाखवतो. खरंच होतं का असं? कोणी घरी केलंय का? विम्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सवलत) ५० टक्क्यांवर आहे त्यामुळे क्लेम करायचं जिवावर येतंय.

खडखडाट | ८ सप्टेंबर, रात्री १०:२०

सोपा उपाय: तीन रेघांवर तीन स्टिकर. "आई", "बाबा" आणि "यांचा आशीर्वाद". बंपरवर लिंबू-मिरची.

चकली | ८ सप्टेंबर, रात्री १०:३१

हसून हसून पुरेवाट. "काहीतरी लागलं वाटतं" 😂 आयांना हे कसं जमतं.

माड_पोफळी | ८ सप्टेंबर, रात्री ११:०५

अहो, तो गंज नसणार, जांभा आहे तो. चिऱ्याची पूड रंगात रुतून बसते. आमच्याकडे रत्नागिरीत निम्म्या गाड्यांच्या डाव्या बाजूला ही मेंदी काढलेली असते. ओल्या फडक्यावर थोडं रबिंग कंपाउंड (रंग घासायची पेस्ट) घेऊन घासून बघा, तीन रेघांतल्या दोन बहुधा निम्म्याने कमी होतील. (तसं बघायला गेलं तर जांभ्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचाच, म्हणजे गंज म्हणालात तेही अगदीच चूक नाही. फक्त तुमच्या गाडीचा नाही, डोंगराचा.)

पण ते नाण्याएवढं उघडं आहे तिथे मात्र उद्याच्या उद्या काहीतरी लावा. पत्र्याला हवा आणि ओल मिळाली की तो वाट बघत बसत नाही.

जुनं_ते_जुनं | ९ सप्टेंबर, सकाळी ७:१५

राहू द्या की तसंच. माझ्या गाडीला सगळीकडे ओरखडे आहेत. फायदा असा की सोसायटीत सगळे आपली गाडी माझ्यापासून दोन हात लांब लावतात. दार पूर्ण उघडून आरामात उतरता येतं.

हिशेबनीस | ९ सप्टेंबर, सकाळी ९:४४

बोनसचं गणित लोक भावनेने करतात, जरा आकड्याने करून बघू. पहिली गोष्ट, नो क्लेम बोनस फक्त ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. समजा तुमचा ओन डॅमेजचा प्रीमियम सवलत न धरता ६,००० आहे. ५० टक्के म्हणजे वर्षाला ३,००० वाचतात. क्लेम केला की पुढच्या रिन्यूअलला बोनस शून्य, मग परत २०, २५, ३५, ४५ असं चढत सहाव्या वर्षी ५०. एकूण गमावले ३,००० + १,८०० + १,५०० + ९०० + ३०० = ७,५००. क्लेममध्ये मिळणार १०,६२० वजा सक्तीने आपण भरायचे १,००० (१५०० सीसीपर्यंत) म्हणजे ९,६२०, तेही झीरो डेप (घसारा न कापणारा विमा) असेल तर. म्हणजे क्लेम केला तर दोनेक हजार फायदा.

आता यात मी आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) दरवर्षी उतरते ते धरलेलं नाही, ढोबळ आहे. पण "क्लेम केला म्हणजे बुडालो" हे काही खरं नाही.

खडखडाट | ९ सप्टेंबर, सकाळी ९:५१

@हिशेबनीस तुमच्याकडे गाडी आहे की नुसतं वहीत आहे?

हिशेबनीस | ९ सप्टेंबर, सकाळी १०:०२

स्कूटर आहे. पण आकडे चारचाकीलाही तेच लागतात.

नऊवारी_नऊवाजता | ९ सप्टेंबर, दुपारी १:२०

घरी करायचं तर करा, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये करू नका हे हात जोडून सांगते. आमच्याकडे ठाण्यात लॉकडाऊननंतर नवऱ्याला हा उत्साह आला होता. रविवारी सकाळी खाली जाऊन पुढच्या बंपरवर गडद निळा मारला. वर्तमानपत्रं लावली, टेप लावला, आपल्या गाडीचं सगळं झाकलं. झाकली नाही ती शेजारच्या काकांची पांढरी सेडान. आठ-दहा फुटांवर होती, एवढ्या लांब काय जातंय असं वाटलं.

दुपारी काकांनी बेल वाजवली. "वहिनी, जरा खाली येता का, गाडीला पुरळ आलंय." पूर्ण बॉनेटवर निळे बारीक ठिपके. हात फिरवला तर सँडपेपरवर फिरवल्यासारखं लागत होतं. म्हणजे डब्यातून जो फवारा उडतो त्यातला बराचसा गाडीवर बसतच नाही, हवेतच सुकतो आणि धूळ होऊन तरंगत जाऊन दुसरीकडे उतरतो. मग क्ले बार (रंगावर चिकटलेलं काढायची मातीसारखी वडी) आणला, साबणाचं पाणी मारून मारून आम्ही दोघांनी तीन संध्याकाळी ते बॉनेट पुसलं. निघालं सगळं, पण काकांनी अजून ती गोष्ट सोडलेली नाही. दर गणपतीला सत्यनारायणाच्या प्रसादाबरोबर मिळते.

आणि एवढं करून आमचा बंपर कसा झाला? बरा झाला. पाच फुटांवरून.

बेंझीन_बाई | ९ सप्टेंबर, दुपारी ३:०८

रंगाच्या धंद्यात नाही, पण रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे दोन गोष्टी.

गाडीवर कारखान्यातून येणारा रंग म्हणजे एक थर नसतो. पत्र्यावर आधी विजेच्या साहाय्याने बुडवून बसवलेला प्रायमर, त्यावर सरफेसर, त्यावर रंगाचा बेसकोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याचे एक-दोन केस शेजारी शेजारी ठेवल्याएवढी. त्यातला क्लिअर ४० च्या आसपास. म्हणून आधी नख फिरवून बघा. नख अडकलं नाही तर ओरखडा क्लिअरमध्येच आहे, पॉलिशने जाईल, डबा आणायचीच गरज नाही. अडकलं तर खाली गेलाय.

दुसरं, क्लिअरचे डबे दोन जातीचे मिळतात, वनके आणि टूके. वनके नुसता सॉल्व्हंट उडून सुकतो, त्यामुळे उद्या त्यावर पेट्रोल किंवा थिनर सांडलं तर पुन्हा मऊ पडतो. टूकेच्या डब्यात हार्डनर वेगळ्या कप्प्यात असतो, बुडाची कळ दाबून तो फोडायचा, मग आत प्रतिक्रिया सुरू होते आणि डबा एक-दोन दिवसांत वापरावा लागतो, नाहीतर आतच दगड होतो. तो टिकतो छान, कारखान्याच्या क्लिअरच्या जवळ जाणारा, पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसाला फार वाईट, एकदा त्याची ॲलर्जी बसली की दमा मागे लागू शकतो. कोविडचे उरलेले मास्क त्याला उपयोगाचे नाहीत. कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर, हातमोजे, चष्मा हे नसेल तर टूकेच्या वाटेला जाऊ नका.

चकली | ९ सप्टेंबर, दुपारी ३:१५

वाचनखूण साठवली. माझा नेलपॉलिशचा सल्ला मी मागे घेते, द्यायच्या आधीच.

माड_पोफळी | ९ सप्टेंबर, दुपारी ३:४०

@चकली मागे नका घेऊ. त्या उघड्या पत्र्यावर तात्पुरतं बिनरंगाचं नेलपॉलिश लावलं तर ओल तरी अडते. काम करायच्या वेळी घासून काढायचं. आमच्या खाऱ्या वाऱ्यात मी हेच करतो, बायकोचं नेलपॉलिश गाडीच्या डॅशबोर्डात असतं आणि ती शोधत असते कपाटात.

रंगाऱ्याचा_पोर | ९ सप्टेंबर, रात्री ११:३०

आत्ता दुकान बंद करून आलोय, सगळा धागा वाचला. आमच्या आबांचं कोल्हापुरात डेंटिंग-पेंटिंगचं काम होतं, तीस वर्षं ट्रक-टेम्पो रंगवले, मी लहानपणापासून पेपर (सँडपेपर) मारायला बसायचो. तेव्हा बैजवार सांगतो.

एक, यूट्यूबवाल्याचा अर्धा तास विसरा. रंग मारायला अर्धा तास लागतो हे खरं हाय, पण रंगकामात रंग मारणं हे सगळ्यात बारकं काम. दोन दिवस घासायचं तवा कुठं अर्धा तास मारायचं. आबा म्हणायचे, स्प्रेगन मारायला कुणालाबी येतंय, पेपर मारायला माणूस लागतो.

दोन, बंपर आणि दार ही दोन वेगळी कामं हायेत, एकात धरू नका. बंपर प्लास्टिकचा, गंजणार नाही, तिथं चुकलं तर चुकलं. पण उघड्या प्लास्टिकवर रंग धरत नाही. आधी ॲडहेशन प्रमोटरचा (रंग धरून ठेवणाऱ्या अस्तराचा) पातळ हात मारावा लागतो, नाहीतर पहिल्या प्रेशर वॉशला पापुद्रा निघून येणार. आणि ते प्लास्टिक घासलं की त्याला बारीक केस सुटतात, लोकरीच्या स्वेटरसारखे. ते तसेच ठेवून प्रायमर मारला की खडबडीत. म्हणून जोरात घासायचं नाही, बारीक पेपरने हलक्या हाताने.

दार पत्र्याचं. तिथं उघडा पत्रा आहे तेवढं कोरड्या पेपरनेच घासायचं, पाणी लावायचं नाही, पाणी लागलं की चहा पिऊन येईपर्यंत पिवळं पडतंय. मेटलचा प्रायमर बसला की मग पुढचं. साधा डब्यातला प्रायमरबी पाणी पितो हे ध्यानात ठेवा, त्यावर पाणीपेपर मारला तर नीट सुकवूनच रंग.

घासायचं कसं: ३२० नंबरच्या पेपरने ओरखड्याच्या कडा बसवायच्या, मग ४००, मग ६००. जुन्या रंगाची पायरी जाणवायला नको. डोळे मिटून बोट फिरवा, डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. अजून एक युक्ती, प्रायमरवर काळ्या डब्याचं अगदी हलकं धुकं मारायचं आणि मग घासायचं. जिथं काळं ऱ्हातं तिथं खड्डा. तिथं थोडी पुट्टी. मग ८००-१००० ने शेवटचा हात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढायचं आणि नंतर त्याला बोट लावायचं न्हाई. डॅशबोर्ड चकाकवायचा तो सिलिकॉनचा स्प्रे शेजारी कुणी मारला असला तरी रंगात माशाच्या डोळ्यासारखी गोल गोल भोकं पडतात, कितीबी मारा, तिथं रंग बसतच न्हाई.

तीन, आणि हे महत्त्वाचं. सिल्व्हर. सगळ्या रंगांत डब्याने करायला वाईट रंग तुमचा हाय. पांढरा, लाल, असा साधा रंग असता तर मी डोळे झाकून करा म्हणालो असतो. सिल्व्हरमध्ये ॲल्युमिनियमचा चुरा असतो, तो कसा निजतो त्यावर रंग गडद का फिका ठरतं. ओला हात पडला की चुरा खाली बसतो, गडद दिसतं. लांबून कोरडा पडला की फिकट. एकाच डब्यातला, एकाच हातचा, पण दारावर ढग दिसणार. बंपरला ते खपून जातं, कारण बंपर आणि पत्रा कंपनीतूनच एक छटा इकडंतिकडं असतात, शिवाय मधे फट. दाराचं मात्र शेजारच्या दाराशी लगेच कळतं.

माझं मत: बंपर घरी करा. दाराचं फक्त गंजापुरतं बंद करा आणि रंग पाहिजे तसाच पाहिजे असेल तर दार दुकानात द्या.

चार, आत्ता करूच नका. सप्टेंबर हाय. हवेत ओल असली की रंग सुकताना गार पडतो, त्यावर दव धरतं आणि पांढरट होऊन बसतंय. ऑक्टोबरचं ऊन पडू द्या.

दुसरा_गिअर | १० सप्टेंबर, सकाळी ८:०५

@रंगाऱ्याचा_पोर साष्टांग. एवढं कोणी वेळ काढून लिहिलं, आता करावंच लागणार 😀 कंपाउंडने घासून बघितलं. माड_पोफळी यांचं बरोबर, जांभाच होता, फडकं लाल झालं. एक रेघ पूर्ण गेली, दुसरी पुसट झाली, तिसरीत नख अडकतंय आणि तिथेच पत्रा आहे. नेलपॉलिश लावलं (बायकोला विचारून).

कलर कोड कुठे असतो?

रंगाऱ्याचा_पोर | १० सप्टेंबर, सकाळी ८:४०

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर नाहीतर बॉनेटखाली पट्टी, गाडीप्रमाणे बदलतंय. "सिल्व्हर द्या" म्हणून डबा आणू नका, सिल्व्हर पन्नास प्रकारचे हायेत. कोड जुळला तरी साडेपाच वर्षं उन्हात राहिलेला रंग थोडा उतरलेला असतोच. आधी पुठ्ठ्यावर मारून, सुकवून, क्लिअर मारून, गाडीला लावून उन्हात बघा. सावलीत सगळे रंग जुळतात.

खडखडाट | १० सप्टेंबर, सकाळी ८:४४

"सावलीत सगळे रंग जुळतात" हे लग्न जमवणाऱ्या मंडळांनी भिंतीवर लिहावं.

बर्फातला_बगळा | १० सप्टेंबर, सकाळी १०:१५

मिनेसोटातून. आमच्याकडे तुमच्या उलट, हवा कोरडी पण गारठा. पहिल्या वर्षी मी नोव्हेंबरमध्ये गराजमध्ये डबा मारला होता, फवारा यायच्या ऐवजी थुंकल्यासारखे थेंब आले. थंडीत आतला दाब उतरतो आणि रंगही घट्ट होतो. मग कळलं की डबा कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायचा. कोमट, म्हणजे बाळाच्या आंघोळीचं असतं तसं. गरम पाणी, हीटर, गॅस असले प्रयोग करू नका, आत पेट घेणारा वायू असतो. त्याच कारणासाठी भारतात उन्हात बंद गाडीत डबे विसरू नका.

इथे हे काम हौसेपेक्षा गरजेने शिकावं लागतं. हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, ओरखडा उघडा राहिला तर मार्चपर्यंत तिथे फोड आलेला असतो. माझ्या गाडीच्या मागच्या चाकावरच्या कमानीला मी दर उन्हाळ्यात तेच करतो: घास, रस्ट कन्व्हर्टर लाव, तपकिरीचं काळं होईपर्यंत थांब, प्रायमर, रंग. दिसायला भयाण आहे, पण चाळणी झालेली नाही.

जाता जाता, हा रंगाच्या फवाऱ्याचा डबा मूळचा अमेरिकेतलाच, इलिनॉयमध्ये एडवर्ड सेमूर नावाच्या माणसाने १९४९ मध्ये काढला. रेडिएटरला मारायचा ॲल्युमिनियमचा रंग दुकानात दाखवायचा होता, बायकोने सुचवलं की फवाऱ्याच्या डब्यात का भरत नाही.

खडखडाट | १० सप्टेंबर, सकाळी १०:२२

म्हणजे पहिला डबाही ॲल्युमिनियमचाच, सिल्व्हरच. गिअरभाऊ, नियतीचा संकेत आहे हा.

नऊवारी_नऊवाजता | १० सप्टेंबर, सकाळी ११:००

आणि पहिला सल्लाही बायकोचाच. नोंद घ्यावी.

जुनं_ते_जुनं | १० सप्टेंबर, दुपारी १२:३०

एवढ्या वेळात मी गाडी धुऊन, पुसून, पोहे खाऊन झोपलोही असतो.

हिशेबनीस | १० सप्टेंबर, दुपारी २:१०

मूळ प्रश्नाकडे येऊ. घरी केल्यास खर्च किती, कोणीच लिहिलं नाही. दोन डबे रंग, प्रायमर, क्लिअर, प्लास्टिकचा प्रमोटर, पेपर, टेप. डबा मारून फसला तर गॅरेजवाला आधी तुमचा रंग खरवडायचे वेगळे पैसे घेईल, ते पण धरा.

रंगाऱ्याचा_पोर | १० सप्टेंबर, रात्री १०:५०

घेतोच. मीबी घेतो 😄

बेंझीन_बाई | ११ सप्टेंबर, सकाळी ९:१०

यावर एक वाद घालते. दार दुकानात द्या म्हणालात ते सुंदर दिसण्यासाठी ठीक. पण दोन वीत रेघेसाठी आख्ख्या दाराचा कारखान्याचा रंग घासून त्यावर नवीन चढवायचा, यात आपण चांगला भाजलेला मूळ रंग घालवतो ना? कारखान्यात तो भट्टीत १४० अंशांच्या आसपास भाजून पक्का केलेला असतो, गॅरेजमध्ये तसं कोणी भाजू शकत नाही, दाराला काच, रबर, वायरी असतात. मग रेघेपुरतंच ब्रशने टचअप केलं तर काय वाईट?

रंगाऱ्याचा_पोर | ११ सप्टेंबर, रात्री ११:१५

मॅडम, मुद्दा बरोबर हाय. आख्खं घासून पत्र्यापर्यंत कोणी जात न्हाई, वरचा क्लिअर नुसता खरखरीत करतो, खालचं कंपनीचं राहतंच. पण खरं सांगू का, मालकाची नजर त्या दारावर पडायची थांबणार असेल तर टचअपची बाटली आणि काडी एवढ्यावर काम होतं. काडीच्या टोकाने रेघेत रंग सोडायचा, ओढायचा न्हाई. थर थर करून भरायचा, मध्ये सुकू द्यायचा. शेवटी क्लिअरचा थेंब. आठवड्याने २००० ने वरवर सपाट करून पॉलिश. रेघ दिसते, पण केस पडल्यासारखी.

माड_पोफळी | १२ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

सहमत. आणि पुढच्या वेळी एसटी आली की आरसा मिटून घ्या, आरसा मिटला की चार बोटं मिळतात. आमच्या घाटीत चार बोटं म्हणजे हायवे.

दुसरा_गिअर | १९ ऑक्टोबर, रात्री ९:४८

धागा वर आणतोय. केलं एकदाचं. सविस्तर लिहितो कारण तुम्हा सगळ्यांचे तास यात गेलेत.

पार्किंगमध्ये केलं नाही (नऊवारीताई, काकांना नमस्कार). मित्राच्या वाघोलीच्या प्लॉटवर गेलो, मागे भिंत, वारा नाही, सकाळी दहाचं ऊन पण गाडी सावलीत. बंपर न काढताच केला. टेपची कडा सरळ चिकटवायच्या ऐवजी अर्धी दुमडून उलटी लावली म्हणजे रंगाची पायरी उमटत नाही, हे एका व्हिडिओतून शिकलो. केस सुटतात म्हणालात ते तंतोतंत. मी पहिल्यांदा जोरात घासलं आणि बंपरला मिसरूड फुटली. मग ६०० ने हलक्या हाताने बसवली.

डबा दोन मिनिटं हलवायचा लिहिलेलं असतं, आतली गोळी वाजायला लागल्यापासून दोन मिनिटं. हात दुखतो. वीतभर अंतरावरून, पॅनलच्या बाहेर फवारा सुरू करून बाहेरच बंद करायचा. पहिला हात नुसता धुरळा, खालचं प्रायमर दिसत राहतं तेवढा. मला राहवत नव्हतं, भरून टाकावंसं वाटत होतं. दुसऱ्या हाताला राहवलंच नाही आणि बंपरच्या खालच्या वळणावर एक ओघळ आला, मेणबत्तीवर येतो तसा. तिथे सुकवून, घासून, परत. सिल्व्हरचे एकूण चार हात, मध्ये पंधरा पंधरा मिनिटं. क्लिअर वनकेच मारला, टूकेचं धाडस केलं नाही, तीन हात, आणि क्लिअर कोपऱ्यात मध्येच न सोडता बंपरच्या नैसर्गिक कडेपर्यंत नेला.

बंपर झकास झालाय. खोटं सांगत नाही, हात लावून बघितल्याशिवाय कळत नाही. हात लावला की जरा संत्र्याची साल जाणवते, ते पुढच्या आठवड्यात २००० चा पेपर आणि पॉलिश.

दार. आता दारावर या. रंगाऱ्याचा पोर म्हणाला होता काडीने कर. बंपर एवढा छान झाल्यावर माझ्या अंगात वारं शिरलं आणि डबा उचलला. ढग आलाय. डावीकडून बघितलं तर गडद, उजवीकडून बघितलं तर फिकट, समोरून बघितलं तर गायब. बायको म्हणाली दाराला वांग आल्यासारखं दिसतंय.

खर्च: रंगाचे दोन डबे १,७००, प्रायमर ४५०, क्लिअर ५५०, प्रमोटर ६००, पेपर-टेप-अल्कोहोल ४००. एकूण ३,७००.

हिशेबनीस | १९ ऑक्टोबर, रात्री ९:५५

रविवार किती गेले?

दुसरा_गिअर | १९ ऑक्टोबर, रात्री ९:५७

तीन.

रंगाऱ्याचा_पोर | १९ ऑक्टोबर, रात्री ११:४०

बंपरबद्दल अभिनंदन, पहिल्या वेळेला एकच ओघळ म्हणजे हात चांगला हाय. दाराला सांगितलं होतं राव. आता त्याला हात लावू नका, महिनाभर मेणबीण लावू नका, पक्कं सुकू द्या. गंजापुरतं बंद झालंय, ते महत्त्वाचं. कधी कोल्हापूरला आलात तर घेऊन या, सिल्व्हरचा शेवटचा हात जरा लांबून, हलक्या धुक्यासारखा मारायचा असतो, चुरा सगळा एकसारखा निजतो. ते लिहून समजत न्हाई, दाखवायला लागतं.

नवा_पाहुणा_७ | २० ऑक्टोबर, सकाळी ७:३०

छान माहिती. माझ्या बुलेटच्या टाकीला घरीच डबा मारायचा आहे. साधा क्लिअर चालेल का? टाकीवर पेट्रोल सांडतं कधीकधी.

बेंझीन_बाई | २० ऑक्टोबर, सकाळी ८:०२

वर वाचा. ९ सप्टेंबर, दुपारी ३:०८.

दुसरा_गिअर | ३० ऑक्टोबर, रात्री १०:२०

दिवाळीला गावी जाऊन आलो. यावेळी एसटी दिसल्यावर वळणाच्या अलीकडेच थांबलो, आरसे मिटून. तो गडगा जवळून बघितला. चार चिऱ्यांवर माझा सिल्व्हर रंग लागलाय, सकाळच्या उन्हात चांगला चमकतो. गडगा ज्यांचा आहे ते काका अंगणातच उभे होते, म्हणाले, "गाडीचं केलंस ना रे सगळं? मग माझ्या चिऱ्यांचं कोण करणार?"

कशाने काढू? काका थट्टा करत होते की खरंच म्हणत होते ते कळलं नाही.

माड_पोफळी | ३० ऑक्टोबर, रात्री १०:४१

काही करू नका. पुढच्या पावसात शेवाळ धरेल.

खडखडाट | ३० ऑक्टोबर, रात्री १०:४३

कोड जुळतोय का बघून ठेवा मात्र.